मालकांचं डिकीवाचन

माणूस समोरून बघायचा असतो, असं मी लहानपणापासून समजत होते. कर्जतला शाळेत नोकरी लागली आणि दहिवलीत ज्यांच्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले, त्या आमच्या घरमालकांचं मत बरोबर उलट होतं. समोरून माणूस फसवतो, असं ते म्हणत. समोरून त्याचे दात दिसतात, अंगठ्या दिसतात, कपाळावरचा टिळा दिसतो, आणि या तिन्ही गोष्टी बाजारात मिळतात. खरा माणूस कळायला हवा असेल तर मागे जायचं. म्हणजे त्याच्या गाडीच्या मागे. तिथे डिकीवर चकचकीत अक्षरं असतात, ती वाचायची आणि मग पुढे येऊन त्या माणसाशी किती आदराने बोलायचं ते ठरवायचं. अक्षरंही बाजारात मिळतात हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं, आणि बाजारातली अक्षरं ते लांबूनच ओळखत.

सगळा परिसर त्यांना मालक म्हणत असे. उंच, हडकुळे, पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, खिशाला अडकवलेला चष्मा. पाठीला बाक होता, अर्धा भाताच्या लावणीने आलेला आणि अर्धा डिक्या वाचून. मी मराठी शिकवत असल्यामुळे मला ते बाई म्हणत. पहिल्याच दिवशी माझं सामान टेंपोतून उतरत असताना ते माझ्या स्कूटरच्या मागे जाऊन उकिडवे बसले, आणि उठल्यावर मला सांगितलं की तुमी डीएलएक्स हाय. म्हणजे डिलक्स. म्हणजे साध्याच्या एक पायरी वर. त्यामुळे मला पाणी भरायला सकाळची वेळ मिळाली. माझ्या आधीच्या भाडेकरूच्या स्कूटरवर एसटीडी लिहिलेलं होतं, म्हणजे नुसतं स्टँडर्ड, तर तो बिचारा दुपारी पाणी भरायचा.

हे वेड कुठून लागलं ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. खालापूर तालुक्यात, चौकच्या अलीकडे, त्यांची वाडवडिलांची भातशेती होती. मुंबईच्या लोकांना तिथे शनिवार-रविवारचे बंगले हवे होते. सौदा ठरला त्या दिवशी दलालाच्या ऑफिसात खुर्च्या कमी पडल्या. घेणारे बसले, विकणारे उभे राहिले. मालकांनी आणि त्यांच्या भावांनी स्वतःच्या जमिनीचा सौदा उभ्याने ऐकला. मधल्या मोठ्या खुर्चीत जो बसला होता तो दिसायला त्यांच्याहून काही वेगळा नव्हता, हडकुळाच होता, शर्टही पांढराच. मालकांनी बाहेर येऊन त्याच्या ड्रायव्हरला विचारलं की तुझा साहेब कोण आहे. ड्रायव्हरने गाडीच्या मागे बोट दाखवलं. तिथे डिकीवर कंपनीच्या ताऱ्याखाली 'एस' होता. हे ऐकताना मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा मनापासून वाईट वाटलं.

जमीन गेल्यावर आसपासचे बरेच जण बिघडले. कुणी बार उघडला, कुणी निवडणूक लढवली. मालक तसे बिघडले नाहीत, ते त्यांच्या पद्धतीने बिघडले. त्यांनी त्या अक्षरांचा छडा लावायचं ठरवलं. फोनवर व्हिडिओ बघितले, शोरूममधून माहितीपत्रकं आणली आणि ती माझ्याकडून वाचून घेतली. 'एस' म्हणजे एका जर्मन शब्दाचं पहिलं अक्षर, अर्थ एवढाच की खास. 'जी' म्हणजे खडबडीत रान. ती गाडी रानावनातून जायला केलेली, पण आमच्या भागात ती फार्महाउसच्या फरशीवरून खाली उतरत नसे. 'एल' म्हणजे लांब, आणि ती लांबी सगळी मागे बसणाऱ्याच्या पायांसाठी. ड्रायव्हरच्या पायांना पूर्वीइतकीच जागा. दोन अक्षरी एका जुन्या नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ तर खुद्द कंपनीलाच बरीच वर्षं छातीठोकपणे सांगता येत नव्हता, हे कळलं तेव्हा मालकांना फार आनंद झाला. आमच्या ग्रामदेवतेच्या नावाचं पण तसंच हाय, म्हणाले.

सगळ्यात त्यांना आवडायची ती 'ई'ची गोष्ट. पूर्वी काही गाड्यांत पेट्रोल पिचकारीसारखं इंजिनात सोडायची सोय असायची. ती असली की मागे आकड्याच्या शेवटी 'ई' लावत. पुढे ती पिचकारी सगळ्याच गाड्यांत आली. आता ते अक्षर काढून टाकायला हवं होतं, पण कंपनीने ते शेवटून उचललं आणि आकड्याच्या आधी नेऊन बसवलं. आकड्यांचंही तेच. पूर्वी आकड्यावरून इंजिन केवढं ते कळायचं. आता आकडा मोठा आणि इंजिन धाकटं. मी म्हटलं, मालक, अर्थच उरला नाही तर मान कशाचा देता? त्यावर ते माझ्याकडे दया आल्यासारखे बघत राहिले.

"बाई, पाटलाकडं आता पाटीलकी हाय का? खोताकडं खोती हाय का? पन हाक मारताना आपन पाटीलच म्हनतो ना? अर्थ गेला की मान वाढतो."

माझं स्वतःचं आडनाव अशाच एका गेलेल्या वतनाचं आहे, त्यामुळे मी विषय वाढवला नाही.

घरात हे सगळं रोजच्या वागण्यात उतरलेलं होतं. वर 'एस', मग 'ई', मग 'सी', अशी उतरंड होती. 'ई' आणि त्यावरच्या माणसाला सोफा, काचेची कपबशी आणि 'तुमी'. 'सी'ला प्लास्टिकची खुर्ची आणि स्टीलचा कप. त्याखालच्यांना ओटा, आणि 'काय रं' अशी हाक, मग तो वयाने कितीही मोठा असो. त्यांची बायको, जिला मी काकू म्हणायची, ती बिचारी कोणी आलं की आधी खिडकीतून नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग फडताळ उघडायची. एकदा गॅसवाल्याला सोफ्यावर बसवून चहा दिलेला पाहिला. तो आपल्या शेठची गाडी धुवायला नेता नेता सिलिंडरची पावती द्यायला थांबला होता. काकू म्हणाल्या, अवो, तो सोन्या हाय, गॅसवाला. मालक म्हणाले, आज तो 'ई' हाय, उद्याचं उद्या बघू.

एक सांगायलाच हवं. या बाबतीत ते स्वतःलाही सोडत नसत. त्यांची स्वतःची गाडी त्याच ताऱ्याच्या कंपनीची होती, पण 'सी' होती, त्यांच्या हिशेबात सगळ्यात खालून दुसरी. मनात आणलं असतं तर शिळफाट्याच्या दुकानात अर्ध्या तासात वरची अक्षरं लावून मिळाली असती. त्यांनी ते कधी केलं नाही. पळसदरीच्या अरुंद रस्त्यावर समोरून 'एस' आली म्हणून त्यांनी आपली गाडी पार गावापर्यंत मागे घेतली होती. मी शेजारी बसले होते. ती 'एस' रस्ता चुकलेली निघाली, तिला परत जायचं होतं, आणि तिच्या ड्रायव्हरला वळायला जागा हवी म्हणून आम्ही आणखी मागे गेलो. अक्षराशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा धर्म होता.

शनिवारी सकाळी ते कर्जत-चौक रस्त्यावरच्या फाट्यावर चहाच्या टपरीत जाऊन बसत. फार्महाउसवाल्यांच्या गाड्या एकामागून एक जात आणि मालक प्रत्येकीच्या पाठीकडे बघून काहीतरी पुटपुटत. लोक आधी हसायचे. नंतर त्यांच्या शेजारी बसायला लागले. आपल्याकडे एखादा माणूस एकच गोष्ट पुष्कळ वर्षं न हसता करत राहिला की लोक त्याला जाणकार म्हणायला लागतात. आमच्या शाळेच्या समितीवर त्यांना घेतलं ते असंच.

स्नेहसंमेलनाला व्यासपीठावरच्या खुर्च्यांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांनी मैदानात उभ्या असलेल्या गाड्यांमागून एक फेरी मारली आणि त्या क्रमाने पाहुणे बसवले. मधोमध प्लॉट विकणारा एक गृहस्थ बसला. अध्यक्ष म्हणून बोलावलेले निवृत्त प्राध्यापक रिक्षाने आले होते. त्यांना माइकच्या खांबाला टेकलेली खुर्ची मिळाली आणि सगळ्या भाषणांत माइक कुरकुरत राहिला. एवढ्यावर भागलं असतं, पण आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांच्या गाडीवरची अक्षरं मालकांना खोटी वाटली. खाली वाकून त्यांनी सायलेन्सर बघितला. अक्षरांप्रमाणे दोन नळ्या हव्या होत्या, होती एकच. पुढाऱ्यांना त्यांनी प्लॉटवाल्याशेजारच्या खुर्चीवरून हात धरून उठवलं आणि कडेला नेऊन बसवलं. पुढाऱ्यांनी कबूल केलेली शाळेची नवी शेड त्या वर्षी झाली नाही, पुढच्या वर्षीही झाली नाही. मुख्याध्यापक मालकांशी बोलेनासे झाले. मालकांना त्याचं काही वाटलं नाही, मुख्याध्यापकांकडे जुनी मोपेड होती.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण हळूहळू लोक मालकांना लग्नं जमवताना न्यायला लागले, आणि तिथे हसण्यासारखं फार राहिलं नाही. मुलाकडचे बघायला आले की घरचे लोक पुढे होऊन पाणी-चहा करत, आणि मालक पाहुण्यांच्या गाडीमागे जात. थोड्या वेळाने आत येऊन मुलीच्या बापाच्या कानाला लागत. बाप सुपारी फोडायची की नाही ते त्यावरून ठरवी. आमच्याकडे दोन्ही बापांनी सगळ्यांदेखत सुपारी फोडली की शब्द झाला, मग मागे फिरता येत नाही. भाड्याची गाडी आपली म्हणून आणणारे एक-दोन भामटे त्यांनी पकडले हे खरं. त्यामुळे त्यांचा शब्द आणखी पक्का झाला.

शेजारच्या गणपतदादांच्या मुलीला, पूजाला, बघायला एक मुलगा आला होता. शांत, नाकासमोर चालणारा, पूजाला आवडलेला. त्याच्या लहान गाडीवर एलएक्सआय होतं, म्हणजे त्या गाडीतला सगळ्यात खालचा प्रकार. जो माणूस स्वतःच्या गाडीत सगळ्यात खालचं घेतो तो पोरीला काय सुखात ठेवणार, असं मालक म्हणाले आणि मुलाकडचे पोहे खाऊन उठून गेले. पूजाला पुढे पनवेलच्या झेडएक्सआयला, म्हणजे त्याच गाडीतल्या सगळ्यात वरच्या प्रकाराला, दिली. वर्षाच्या आत ती माहेरी परत आली, आणि नवऱ्याने मोडलेलं तिच्या हाताचं हाड सांधायला डॉक्टरला पुण्याहून बोलवावं लागलं. मी संतापले होते. मी खाली जाऊन मालकांना विचारलं की आता काय म्हणणं आहे तुमचं. ते अंगणात बघत म्हणाले की गाडी बरोबर होती, माणूस चुकला. मी दोन महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

पूजा ही मालकांच्या मयुरीची बालमैत्रीण. मयुरी त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांना आप्पा म्हणणारी, भिवपुरीच्या वीजघरात कनिष्ठ अभियंता. बापासारखीच उंच आणि बापाहून कमी बोलणारी. एक दिवस ती माझ्याकडे वर आली, दार लोटून घेतलं आणि सांगितलं की तिला तिच्याबरोबर काम करणारा रोशन आवडतो. मुलगा आपल्यातलाच, घर भिवपुरीजवळच्या गावात, वडील भातशेती करतात. मी म्हटलं, मग अडचण काय? ती म्हणाली, अडचण त्यांचा टेंपो. घरात तेवढं एकच वाहन होतं, आणि त्याच्या मागे फक्त हॉर्न प्लीज लिहिलेलं होतं. तो टेंपो दहिवलीत आमच्या फाटकासमोर उभा राहिला की सगळं संपलं, हे तिला आणि मला दोघींनाही कळत होतं. पूजाचं काय झालं ते तिने जवळून बघितलं होतं. दुसऱ्या कुणाशी मी लग्न करणार नाही, असं ती अगदी हळू आवाजात म्हणाली, त्यामुळे मला ते खरं वाटलं.

रोशनच्या चुलत्याचं शिळफाट्याला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. हायवेवर ठोकलेल्या दोन मोठ्या गाड्या त्याने भंगारात घेऊन त्यांची मिळून एक गाडी उभी केली होती. इंजिन आणि बॉनेट एकीचं, मागचं अंग दुसरीचं. रंग झकास मारला होता. फक्त मागे कोणती अक्षरं लावायची हे त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून डिकी कोरी होती. मयुरीने रोशनला सांगितलं की ती गाडी घेऊन ये, आणि तिच्यावर काही लावू नको.

"खोटं काय सांगायचं नाय, बाई," ती मला म्हणाली. "काय लिवायचंच नाय. जे वाचायचं ते आप्पा वाचतील."

पाहुणे आले त्या रविवारी मी काकूंच्या मदतीला स्वयंपाकघरात होते. रोशन, त्याचे आईवडील आणि गॅरेजवाला चुलता, एवढेच होते. काकूंनी त्यांना आत घेतलं. मालक रिवाजाप्रमाणे गाडीच्या मागे गेले, आणि परत येईनात. मी खिडकीतून बघितलं. ते वाकून उभे होते आणि कोऱ्या पत्र्यावरून तळहात फिरवत होते, कुठे गोंदाचा खडबडीतपणा लागतो का ते बघत. नंतर त्यांनी चष्मा पुसला आणि परत बघितलं. शेवटी आत आले ते सोफ्यावर न बसता आणि खुर्चीवरही न बसता मधेच उभे राहिले.

आणि त्यांना बोलता येईना. समोरच्याला 'तुमी' म्हणायचं की 'तू', हे ठरवायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. मग त्यांनी कुणालाच उद्देशून बोलायचं नाही असा मार्ग काढला. येणं कुठल्या रस्त्यानं झालं, असं ते भिंतीकडे बघून म्हणाले. उन्हाचा त्रास झाला असंल. चहा घेतला जात असंल ना. रोशनचे वडील साधे शेतकरी, ते मागे वळून बघायला लागले की आणखी कोण आलंय. तेवढ्यात काकूंनी आतून मोठ्याने विचारलं, अवो, बश्या कुठल्या काढू? मालक घाईघाईने स्वयंपाकघरात आले. कपाळावर घाम होता.

"बाई, वाचायला कायच नाय," ते मला कुजबुजले. मयुरी कढईकडे बघत पोहे परतत होती, ते परतून झालेले होते तरी.

मालक फडताळाला धरून उभे राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. त्यांनी व्हिडिओत बघितलं होतं म्हणे, की फार मोठी माणसं गाडी मागवतानाच कंपनीला सांगतात, अक्षरं लावू नका. ज्याला आपली ओळख सांगावी लागत नाही तो पाटी लावत नाही. मग काचेच्या बश्याही नकोत, असं ते काकूंना म्हणाले, माझ्या लग्नातल्या चांदीच्या वाट्या काढ.

त्यानंतरचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. रोशनच्या वडिलांना सोफ्याची सवय नव्हती म्हणून ते सोफ्यावरून उतरून खाली भिंतीला टेकून बसले. मालकांनी माझ्याकडे अर्थपूर्ण बघितलं आणि स्वतःही जमिनीवर बसले. वडिलांनी चहा कपातून वाटीत ओतून फुंकर मारून प्यायला. मालकांनी नेमाने कपातून प्यायची सवय मोडून तसाच प्यायला. रोशनच्या आईने उरलेली चटणी डब्यात घालून मागितली, तेव्हा मालकांचे डोळे पाणावले. इतका साधेपणा त्यांनी 'एस'मध्येही बघितला नव्हता. वीजघरातलं काम, घर, शेत, यातलं त्यांनी काही विचारलं नाही, एवढ्या मोठ्या माणसांना असलं विचारत नाहीत. सुपारी त्यांनी स्वतः आणली आणि सगळ्यांदेखत फुटली. मयुरी आत येऊन माझा हात धरून उभी राहिली.

निघताना सगळे गाडीपाशी आले. मालकांनी डिकीवर प्रेमाने हात ठेवला आणि रंग फार छान आहे म्हणाले. तेवढं बोलले नसते तर बरं झालं असतं. कारागिराला कामाचं कौतुक ऐकवलं की तो गप्प बसू शकत नाही.

"मीच मारलाय, पाव्हणं," चुलता म्हणाला. "दोन ठोकलेल्या गाड्यांची एक केली. पुढचं एकीचं, मागचं दुसरीचं. अक्षरं कुठली लावू तेच कळंना, म्हनून राहिली तशीच."

मालकांचा हात डिकीवरच राहिला. रोशनने मान खाली घातली. मी दारात उभ्या मयुरीकडे बघितलं. सुपारी फुटली होती, पण ते फुटलेल्या सुपारीवरूनही मागे फिरतील अशी मला भीती वाटली. कारण खोटी अक्षरं लावली म्हणून पुढाऱ्याला उठवणारा हा माणूस होता, आणि इथे तर अक्षरंच नव्हती. फाटकापाशी नेहमीप्रमाणे शेजारपाजारचे जमले होते. मालकांनी गाडी बघितली की काय निघालं ते ऐकायला लोक थांबतच. पुढे गणपतदादा होते, आणि त्यांच्या ओट्यावर पूजा उभी होती.

गणपतदादांनी विचारलं, "मालक, काय वाचलंत?"

मालकांनी मयुरीकडे बघितलं. मग पूजाकडे बघितलं, बराच वेळ. मग खाकरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सगळ्यात वरची हाय. अक्षरं कंपनीतूनच काढून मागवलेली."

लोकांनी माना डोलावल्या. अक्षराच्या बाबतीत मालक खोटं बोलत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. चुलता काहीतरी दुरुस्ती करायला तोंड उघडत होता, त्याला रोशनने गाडीत कोंबलं.

पाहुणे गेल्यावर मालक ओट्यावर बसून राहिले. मयुरी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि गाडी तिनेच आणायला सांगितली होती असं कबूल केलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की ती गाडी नीट चालते तरी का. चालते, आप्पा, असं ती म्हणाली. मग बास, असं म्हणून ते उठले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी वरून माझी मसूरची आमटी घेऊन खाली गेले, पण त्यांनी ती काकूंना दिली.

तुळशीचं लग्न झाल्यावर मयुरीचं लग्न लागलं. ती भिवपुरीला आपल्या घरी सुखात आहे. पण मालकांचं ते एक वाक्य त्याआधीच सगळीकडे पोचलं होतं. सगळ्यात वरच्यांच्या गाडीवर अक्षरं नसतात, हे कळल्यावर दहिवली, मुद्रे, चौक, सगळीकडे लोकांनी अक्षरं उपटायला सुरुवात केली. शिळफाट्याच्या दुकानांत पूर्वी अक्षरं लावून घ्यायला गर्दी असायची, आता काढून घ्यायला. रोशनच्या चुलत्याने त्यासाठी एक माणूस वेगळा ठेवला. ज्यांची गाडी 'सी' होती ते आणि ज्यांची एलएक्सआय होती तेही एका रात्रीत सगळ्यात वरचे झाले. पुढाऱ्यांनीही आपली खोटी अक्षरं काढली, आणि त्यांच्या डिकीवर पहिल्यांदाच खोटं काही उरलं नाही. एक जण तर आपल्या ट्रॅक्टरवरचं नाव खरवडताना मला दिसला.

मालक शनिवारी फाट्यावर जात, पण मुंबईकरांच्या गाड्या सोडल्या तर त्यांना वाचायला काही मिळेना. आपल्या हाताने त्यांनी आपली विद्या बुडवली होती आणि ते त्यांना पूर्ण कळत होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. एकदा मला म्हणाले की बाई, आता घरात कोन आलं की मला त्याच्या तोंडाकडं बघाया लागतं, लई त्रास होतो. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

लोक मात्र त्यांना लग्नं जमवायला बोलावतच राहिले, सवय होती म्हणून. वावर्ल्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला बघायला येणार होते, तेव्हा तिच्या वडिलांनी मालकांना नेलं आणि मीही गेले. पाहुण्यांची गाडी मोठी होती, काळी, आणि मागून पूर्ण कोरी. मालक तिच्यामागे उभे राहिले. लोक लांब उभं राहून बघत होते. मालक वाकले नाहीत की हात लावला नाही, नुसते उभे राहिले आणि मग आत आले. मुलीचे वडील कान पुढे करून तयारच होते. मालक त्यांना ओलांडून आतल्या खोलीत गेले, जिथे पाहुण्यांना पोहे देऊन आलेली मुलगी पदर सावरून बसली होती, आणि तिच्यासमोर खाली बसले.

"पोरी, तुला पोरगा कसा वाटला गं?"

मुलगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. वडील मागोमाग आत आले होते, ते चिडले. तिला काय विचारताय, गाडी काय म्हणते ते सांगा, असं ते म्हणाले.

मालकांनी मागे वळून बघितलं नाही. "गाडी कुठं नांदाया जानार हाय? नांदायचं हिला हाय."

मुलीने मान वर केली, एकदा वडिलांकडे आणि एकदा मालकांकडे बघितलं, आणि हा मुलगा नको म्हणाली.